दुसरी खूण

माझे सासरे एकनाथ बऱ्हाटे यांनी तेहतीस वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. बंदुकीची काडतुसं तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायची आणि त्यांची सही झाल्याशिवाय पेटीला झाकण लागायचं नाही. स्वतः त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण प्लेनोमधल्या आमच्या मराठी ओळखीपाळखीत 'दीपाचे बाबा शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये गोळ्या बनवतात' एवढंच पोचलं होतं, आणि काहीजण त्यांच्याकडे जरा जपून बघायचे.

सासूबाई गेल्यावर दीपाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना इकडे आणलं. पहिलं वर्ष वाईट गेलं. आम्ही दोघं कामावर, आणि गाडीशिवाय प्लेनोत माणूस कुठे जाणार? सकाळी घराभोवती चार फेऱ्या मारायच्या, दुपारी भारतातल्या बातम्या बघायच्या. भेंडी आणली तर एकेक भेंडी उजेडाकडे धरून निवडायची आणि वीसएक बाजूला काढून म्हणायचं, "रिजेक्ट." तेवढाच काय तो त्यांचा जुना हुद्दा उरला होता.

मग एक दिवस फेरी मारताना ते चार घरं सोडून पलीकडच्या उघड्या गॅरेजसमोर थबकले. आत ग्लेन नावाचा म्हातारा माणूस छोट्या विजेच्या भट्टीत शिसं वितळवत होता. बाबांना वासावरूनच समजलं. ग्लेन हायवे खात्यातून रिटायर झालेला; पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यामुळे त्याचा डावा हात लुळा. बायको लोरेन सत्तरीची, पण रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये अजून भाग घेणारी. तिला लागणारी काडतुसं ग्लेन घरीच भरायचा, आणि एका हाताने ते काम त्याला जड जात होतं. बाबांनी टेबलावरची थंड झालेली एक गोळी उचलली, बोटांमध्ये फिरवली, खाली ठेवली. दुसरी उचलली. दहा मिनिटांत त्यांनी सात गोळ्या वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीवरची बारीक सुरकुती नखाने दाखवली. ग्लेनने भिंग आणून पाहिलं आणि त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवार ठरले. गाड्यांच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती शिशाची जुनी वजनं ग्लेन टायरच्या दुकानातून आणायचा. त्यातली जस्ताची वेगळी काढायची, शिसं वितळवायचं, वरची मळी पळीने काढून टाकायची, साच्यात ओतायचं. नेमबाजीच्या मैदानावरून गोळा करून आणलेल्या पितळी पुंगळ्या धुऊनपुसून चकचकीत करायच्या. त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची. एकदा बाबांनी साच्यातून गरम गोळ्या पडताना त्यांना पोचे येऊ नयेत म्हणून जुन्या टॉवेलची गादी असलेली लाकडी पेटी बनवली. एकदा ग्लेनच्या उजव्या हाताला सोयीचं व्हावं म्हणून अख्खं टेबलच उलटं फिरवून लावलं.

दीपाला हे अजिबात पसंत नव्हतं.

"बाबा, शिसं म्हणजे विष आहे. आणि दारू घालता तुम्ही त्यात!"

"मोजून घालतो," ते म्हणाले.

शेवटी तिने अटी घातल्या. गॅरेजचे कपडे वेगळे, बूट तिथेच काढून यायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, दर तीन महिन्यांनी रक्तातलं शिसं तपासायचं. बाबांनी सगळ्या अटी पाळल्या. रिपोर्ट नीट येत राहिले. माणूस जेवायला लागला, घरात गुणगुणायला लागला, तेव्हा दीपाही जरा निवळली.

मी मात्र आतून धास्तावलेलोच असायचो. माझा सिटिझनशिपचा अर्ज गेलेला होता. बंदुका, दारू, शेजारचं गॅरेज, यातलं काहीही कधी पोलिसांच्या कागदावर आलं तर, हा विचार माझ्या डोक्यात सारखा घोळायचा. आणि गेल्या काही महिन्यांत आणखी एक गोष्ट मला दिसत होती, जी मी दीपालाही सांगितली नव्हती. बाबा चहा ठेवून विसरायचे. एकदा त्यांनी मला त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारली. एकदा फेरी मारून येताना आमच्या घराऐवजी शेजारच्या घराच्या दारात किल्ली लावत होते. वय आहे, इथली घरं दिसतातही सारखी, असं मी मनाला समजावलं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची गोष्ट. दीपा सकाळीच मराठी शाळेत शिकवायला गेली होती. मी कॉफी घेऊन लॅपटॉप उघडला तर बाबा वही घेऊन समोर उभे.

"अवधूतराव, जरा हे बघता का?"

ती त्यांची गॅरेजची वही. आठवडाभराची कच्ची टिपणं ते शनिवारी सकाळी पक्क्या वहीत उतरवायचे. त्यांची पद्धत अशी होती: पन्नास पुंगळ्यांचा एक ट्रे, दहाच्या पाच ओळी. दारू घालून झाली की ट्रेच्या नंबरापुढे एक खूण. मग टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचं, सगळीकडे दारू सारखी आहे ना हे बघायचं, आणि दुसरी खूण करायची. दुसरी खूण झाल्याशिवाय गोळी बसवायची नाही.

गुरुवारच्या तीन ट्रेंपैकी दोनांपुढे दोन खुणा होत्या. तिसऱ्यापुढे एकच.

"खूण करायची राहिली असेल," मी म्हणालो. "तपासलं असेल तुम्ही."

"तेच आठवत नाही." ते खुर्चीत बसले. "चौथ्या ओळीत दारू घालत होतो. दीपाचा फोन आला, जेवलात का म्हणून. बोललो. मग पुढचं काही आठवत नाही. एकदम गोळ्या बसवतानाचंच आठवतं."

"आणि राहिलंच असेल तपासायचं, तर काय होईल?"

त्यांनी मला शांतपणे समजावलं. एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं. मुळीच पडली नाही तर फुसका आवाज होतो आणि नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. स्पर्धेत घड्याळ लावलेलं असतं. माणूस घाईत पुढची गोळी झाडतो. ती मागून येऊन आदळते.

"तो ट्रे आता कुठे आहे?"

"लाल झाकणाच्या डब्यात भरून दिला, लोरेनबाईंनी नेला. आज स्पर्धा आहे त्यांची."

आठ पंचवीस झाले होते. स्पर्धा साडेनऊची. मैदान शर्मन गावाच्या पुढे, आमच्या घरापासून पाऊण-एक तास. मी लोरेनला फोन लावला, तो थेट व्हॉइसमेलवर गेला. ग्लेनही तिच्याबरोबरच गेला होता आणि त्याचा फोन बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच पडलेला असायचा. क्लबचा नंबर शोधला, तर ऑफिस साडेदहाला उघडतं असं रेकॉर्डिंग. मी मेसेज टाकला: लाल झाकणाच्या डब्यातली काडतुसं वापरू नका. मग गाडीची किल्ली घेतली.

खरं सांगतो, किल्ली उचलताना माझ्या मनात लोरेनच्या हातांचा विचार पहिला आला नाही. तीन आठवड्यांनी असलेल्या माझ्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूचा आला. तिथे जाऊन आपण काय सांगणार? कोणी रिपोर्ट लिहिला तर नाव कोणाचं जाईल? नुसते मेसेज पाठवून घरी बसावं, असंही क्षणभर वाटलं. बाबा तोवर एका पायात बूट, एका पायात चप्पल असे दारात उभे होते. चप्पल काढून दुसरा बूट त्यांनी माझ्यासमोरच घातला.

हायवे पंचाहत्तरवर शनिवारची गर्दी नव्हती, पण एका ठिकाणी काम चालू होतं आणि दोनच लेन उघड्या होत्या. ट्रकच्या मागे रांगत असताना बाबांनी विचारलं, "किती वाजले?"

"आठ पन्नास."

दोन मिनिटं गेली. "किती वाजले?"

मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. समोर डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांत वेळ दिसत होती. हा माणूस काळजीने विचारतोय की आधी विचारलेलं खरंच विसरतोय, हे मला कळेना. आणि ते कळत नाही याचीच मला रस्ताभर भीती वाटत राहिली.

"बाबा, परत फोन लावून बघा ना."

त्यांनी लावला. व्हॉइसमेल. त्यांनी इंग्रजीत हळूहळू निरोप सांगितला: "लोरेन मॅडम, धिस इज एकनाथ. प्लीज डू नॉट फायर. माय मिस्टेक." मग फोन मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कारखान्यात एकदा मी नुसत्या संशयावरून अख्खा लॉट थांबवला होता. सगळा फोडून बघायला लावला. काही निघालं नाही. साहेब चिडले, लोक महिनाभर हसत होते. पण मला माहीत होतं की मी बघितलेलं नाही, आणि न बघता सही कशी करू? आता हे असं झालंय, अवधूतराव. बघितलं की नाही, हेच माहीत नाही."

ट्रक हलला, मी गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मध्ये मध्ये असं होतंय. दीपाला सांगू नका."

"मला दिसलंय, बाबा."

त्यांनी मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा नऊ चाळीस झाले होते. मोकळं गवताळ रान, मागे मातीचा उंच बांध, पत्र्याची लांब शेड. लाल बावटा वर होता आणि आवाज येत होते. पार्किंगमधून मी पळणार होतो, पण बाबांनी माझा दंड धरला. "पळू नका. हात दिसतील असे ठेवा." आम्ही दोघं भराभर चालत शेडकडे गेलो. दहा-बारा माणसं बाकांवर बसलेली, कानांवर मोठाले कर्णरक्षक. पलीकडे रेषेवर चौघं नेमबाज उभे. तिसरी लोरेन. पांढरी वेणी, निळा शर्ट. तिच्या मागच्या टेबलावर लाल झाकणाचा डबा उघडा.

नारिंगी जॅकेट घातलेला एक माणूस हात आडवा करून आमच्याकडे आला. मी त्याला समजावायला तोंड उघडलं आणि मला इंग्रजी सुचेना. वीस वर्षं ज्या भाषेत नोकरी केली ती भाषा सुचेना. रेषेवर पुन्हा धडाधड आवाज सुरू झाले. तेवढ्यात बाबा माझ्या शेजारून ओरडले.

"सीझ फायर! सीझ फायर!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. नंतर ग्लेनने सांगितलं की मैदानावर धोका दिसला तर हे शब्द कोणीही ओरडू शकतं, अगदी पाहुण्यानेही, आणि ते ऐकले की सगळ्यांनी थांबायचंच. बाबांना ते ठाऊक होतं. आवाज थांबले. चौघांनी शस्त्रं खाली टेकवली आणि सगळं मैदान आमच्याकडे वळून बघायला लागलं.

बाबा हात समोर धरून उभे होते. "माय वर्क," ते म्हणाले. "वन ट्रे. नॉट चेक्ड. प्लीज, मॅडम, डू नॉट फायर."

लोरेनने कानांवरचं काढलं. ग्लेन बाकावरून काठी टेकत उठला. नारिंगी जॅकेटवाल्याने तिचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीतून आरपार बघितलं आणि अंगठा वर केला. नळी साफ होती. डब्यातली अठरा काडतुसं झाडून झाली होती. बत्तीस उरली होती.

मागच्या बाकावरून कोणीतरी कुरकुरलं की सगळ्यांची फेरी वाया गेली. ती फेरी पुन्हा घ्यावी लागली. लोरेनने तो एकच डबा आणला होता, म्हणून तिने एका दुसऱ्या बाईकडून काडतुसं घेतली, पण सवय नसलेल्या काडतुसांनी तिचा नेम बसला नाही आणि ती मागे पडली. आम्हाला ती एवढंच म्हणाली, "दुपारी या. उघडून बघू." कोणी पोलिसांना बोलावलं नाही. नारिंगी जॅकेटवाल्याने बाबांचं नाव विचारलं तेव्हा मला पुन्हा रिपोर्टच आठवला. त्याने नावाचा उच्चार दोनदा करून बघितला, बाबांशी हात मिळवला आणि रेषेकडे परत गेला.

दुपारी अडीच वाजता ग्लेनच्या गॅरेजमध्ये आम्ही चौघं बसलो. काडतूस उघडायची एक पोकळ प्लॅस्टिकची हातोडी असते. काडतूस तिच्या तोंडात अडकवायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं, म्हणजे गोळी आणि दारू सुटी होऊन पोकळीत पडते. बाबांनी हातोडी माझ्या हातात दिली. "मी नको. तुम्ही करा. मी बघतो." मी आपटायचो, लोरेन ती दारू काट्यावर ठेवायची, ग्लेन आकडा वाचायचा. बाबांनी डब्यात काडतुसं ट्रेमधल्या ओळींच्याच क्रमाने भरलेली होती, त्यामुळे कोणतं कुठलं हे कळत होतं.

दुसरी ओळ संपली. तिसरी संपली. सगळे आकडे सारखे. मला वाटायला लागलं, आता काही निघणार नाही, संध्याकाळी हसत हसत घरी जाऊ.

चौथ्या ओळीतलं तिसरं काडतूस मी आपटलं. गोळी सुटली. हातोडी उलटी केली तर त्यातून दारूचा कणही पडला नाही. मी पुन्हा झटकली. लोरेनने पुंगळी घेऊन आत बघितलं, ग्लेनला दिली, त्याने बाबांना दिली.

बाबांनी ती टॉर्चखाली धरली. बराच वेळ. मग टेबलावर उभी ठेवली आणि चष्मा काढला.

सकाळी आम्ही वेळेवर पोचलो याचं मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण समोर बसलेल्या माणसाला त्या रिकाम्या पुंगळीने काय सांगितलं होतं, तेही मला दिसत होतं. अखेर ग्लेन म्हणाला, "उरलेली पण उघडू या." आम्ही सगळी उघडली. बाकीची बरोबर होती.

संध्याकाळी दीपाला काय आणि कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होतो, तर बाबांनी जेवायच्या टेबलावर स्वतःच सुरुवात केली. मैदान, ट्रे, पुंगळी, सगळं. आणि मग चहा, किल्ली, माझं चुकलेलं नाव. मला ठाऊक नसलेल्याही दोन-तीन गोष्टी त्यात होत्या. महिन्यापूर्वी दुकानातून परत येताना त्यांना रस्ता आठवेना म्हणून ते अर्धा तास बाकावर बसून होते.

दीपा ऐकत राहिली. मग म्हणाली, "गुरुवारी मीच फोन केला होता ना?"

"फोन रोज येतो," बाबा म्हणाले. "खूण मी करायची होती."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी मागे गेलो. "तुला माहीत होतं?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

डॉक्टरांकडे चकरा सुरू झाल्या. रक्तात शिसं नेहमीसारखं कमीच होतं, बी-ट्वेल्व्ह मात्र फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली. स्मरणशक्तीची परीक्षा घेतली: पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, घड्याळ काढायला लावायचं, शंभरातून सात सात वजा करायचे. वजाबाकी त्यांनी एका दमात केली. पाचांपैकी दोन शब्द आठवले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनांनी फरक पडू शकतो, कदाचित पडणारही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बाबांनी विचारलं, "पास व्हायला किती मार्क लागतात?" त्या हसल्या, पण बाबांना खरंच उत्तर हवं होतं.

माझा इंटरव्ह्यू झाला. कोणी काही विचारलं नाही.

बाबा पुढचे दोन मंगळवार आणि दोन गुरुवार गॅरेजमध्ये गेले नाहीत. पुन्हा बातम्या, पुन्हा घराभोवती फेऱ्या, आणि आता ते फेरीला गेले की दीपा फोनमधल्या नकाशावर त्यांच्यावर लक्ष ठेवायची. तिसऱ्या मंगळवारी बेल वाजली. दारात लोरेन, हातात गोळ्यांनी भरलेला आइस्क्रीमचा जुना डबा.

"यातल्या वाईट कुठल्या ते मला दिसत नाही," ती दीपाला म्हणाली. "ग्लेनलाही दिसत नाही. आम्ही दोघं दोन दिवस भांडतोय."

दीपाने हातमोजे आणून दिले आणि अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. बाबा बसले. एक उचलली, फिरवली, ठेवली. लोरेन समोर बसून राहिली. तासाभराने ती म्हणाली की आता दारू तीच घालते, पण टॉर्च घेऊन बघायला तिला दुसरा माणूस पाहिजे.

"मी विसरतो," बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुमच्यानंतर ग्लेन बघणार," ती म्हणाली. "आणि त्याच्यानंतर परत मी."

बाबांनी दीपाकडे पाहिलं. दीपाने माझ्याकडे. भट्टीपाशी जायचं नाही, दारू घालायच्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि त्या वेळात फोन बंद, असं शेवटी ठरलं. फोन बंद ठेवायची अट दीपानेच घातली.

आता ते मंगळवारी आणि गुरुवारी दोन ते चार जातात. मी घरून काम करत असलो की चारच्या सुमाराला माझं लक्ष कामावर राहत नाही. खिडकीतून वळणावरचा फूटपाथ दिसतो, तिकडे बघत बसतो. बहुतेक वेळा ते वेळेवर येतात. परवा पाच मिनिटं उशीर झाला तर मी चपला घालून बाहेर पडलो. ते वाटेत एका घराच्या कुंपणापाशी उभे होते. मला पाहून म्हणाले, "या घरवाल्यांनी दरवाजाचा रंग बदललाय. मी म्हटलं, आपला रस्ता चुकला की काय." खरंच बदलला होता. निळ्याचा पांढरा केला होता. आम्ही बरोबर घरी आलो.

एप्रिलच्या चौदा तारखेला डॉक्टरांची पुढची वेळ आहे. त्या दिवशी मी रजा टाकली आहे.